भातशास्त्रज्ञ के. रामय्या

तंजावर म्हटले की आपल्याला भोसल्यांचे राज्य आठवते. तिथल्या शेतकऱ्याला मात्र आधी भात आठवते. त्या भातासाठीच के. रामय्या (१८९२-१९८८) यांनी आयुष्य वेचले. रोपाची उंची, दाण्याचा रंग हे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, याचा अभ्यास त्यांनी कोइमतूरला केला. मधली काही वर्षे इंदूरला कापसावर काम केले. १९४६ साली कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था निघाली. तिचे ते पहिले संचालक.

आपले उंच भात जास्त खत दिले की लोळते, जपानी भात ते खत पचवते. रामय्यांनी दोहोंचा संकर सुचवला. काम किचकट होते, कारण अशा संकराच्या पुष्कळ लोंब्या पोचट निघतात. ढीगभर रोपे टाकून द्यावी तेव्हा एखादे ठेवण्यासारखे सापडते. चिकाटीची खरी कसोटी!

या योजनेतून तंजावर जिल्ह्यातल्या आडुदुरै केंद्राने १९६५ साली ‘एडीटी २७’ हे वाण दिले. त्याची आई जपानी नोरिन १०, बाप कोइमतूरचे जीईबी २४. कुरुवै हे तिथले घाईचे पीक: जूनमध्ये कालव्याला पाणी आले की लावायचे आणि ईशान्य मोसमी पावसाआधी कापायचे. साडेतीन महिन्यांत पिकणारे हे वाण कावेरीकाठच्या गावांनी लगेच उचलले.