दोन किल्ल्यांचं कुलूप

मागच्या वर्षी रोबो-वॉरमध्ये आमच्या बॉटची जी फजिती झाली, ती हॉस्टेलला अजून आठवत असेलच. समोरच्या टीमने रिमोट दाबला आणि आमचा बॉट पळत जाऊन भिंतीवर आदळला! दोन्ही टीम्सनी खेळण्यातल्या गाड्यांचे २७ मेगाहर्ट्झवाले स्वस्त रिमोट लावले होते. फ्रिक्वेन्सी एकच, मग बिचाऱ्या बॉटने ऐकायचं कोणाचं? त्या रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच एका माणसाने सोडवायला घेतला होता. त्याचं नाव निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिलयान गावचा. वडील धर्मगुरू. मुलानेही तेच करावं अशी त्यांची इच्छा, पण मुलाला इंजिनियर व्हायचं होतं. ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये तो गेला खरा, पण डिग्री न घेताच बाहेर पडला. (बॅकलॉगवाल्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये!) १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. थोडे दिवस एडिसनकडे नोकरी केली, मग स्वतःचं काम. १८८८ मध्ये त्याच्या एसी मोटरची पेटंट्स वेस्टिंगहाऊसने घेतली. आपल्या मशीन्स लॅबमधल्या इंडक्शन मोटरच्या जनकांपैकी तो एक.

१८९५ मध्ये त्याची लॅब आगीत जळाली. मॉडेल्स, नोंदी, सगळ्याची राख. दुसरा कोणी असता तर खचला असता. टेस्लाने तीनच वर्षांत, १८९८ मध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली. वायर नाही, आत माणूस नाही. तो लांबून रेडिओ लहरी पाठवायचा आणि बोट वळायची, दिवे लावायची. ८ नोव्हेंबर १८९८ ला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. आपल्या सगळ्या रिमोटवाल्या बॉट्सची ही पणजीच म्हणा ना!

पण खरी गंमत पुढेच आहे. बोट एकच होती तोवर ठीक होतं. ती लढाईत वापरायची तर? शत्रूनेही त्याच फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समीटर लावला तर आपलीच बोट आपल्यावर उलटणार! १९०० मध्ये टेस्लाने यावरच्या उपायासाठी अर्ज केला. एका ऐवजी दोन फ्रिक्वेन्सी एकदम पाठवायच्या. रिसीव्हरमध्ये दोन ट्यून केलेली सर्किट्स ठेवायची, आणि दोन्ही एकाच वेळी जागी झाली तरच काम होणार. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, तसंच. डिजिटलवाल्यांनी ओळखलंच असेल, ही तर अँड गेट! याची दोन पेटंट्स १९०३ मध्ये मिळाली.

तेव्हा याचं कौतुक फारसं झालं नाही. नौदलाने बोटीत रस घेतला नाही. वॉर्डनक्लिफचा मोठा टॉवर पैशांअभावी अर्धवट राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत टेस्ला एकटाच गेला.

आज २.४ गिगाहर्ट्झचे चांगले रिमोट एका फ्रिक्वेन्सीवर बसून राहत नाहीत, आणि रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरचा आयडी ओळखतो. रीत बदलली, विचार मात्र टेस्लाचाच: सिग्नल नुसता पोचून उपयोग नाही, त्याच्याच माणसाला पोचला पाहिजे.

तेव्हा ज्युनियर्सनो, यंदा मेसच्या बाहेरचं खाणं थोडं कमी करा, पण रिमोट नीट घ्या. आणि स्विच ऑन करण्याआधी शेजारच्या टीमला त्यांची फ्रिक्वेन्सी विचारा. आम्ही विचारली नव्हती!