श्रीगाडगे महाराज आणि वऱ्हाडची खेडी

वऱ्हाडात असे खेडे क्वचितच आढळेल की, जेथील वडीलधाऱ्या माणसांस गाडगे महाराजांच्या खराट्याची गोष्ट ठाऊक नाही. परंतु तो खराटा हाती येण्यापूर्वी त्याच हातांनी पुष्कळ वर्षे नांगर धरला होता, हे मुलांस सहसा सांगण्यात येत नाही. महाराजांचे पुढील सर्व कार्य त्या नांगराच्या दिवसांतूनच उगवलेले असल्यामुळे आरंभ तेथूनच करणे योग्य होय.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परिटाच्या घरी, सन १८७६ च्या फेब्रुवारी महिन्यात त्यांचा जन्म झाला. मूळचे नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. बाप दारूच्या पायी अकाली मृत्यू पावला. त्या वेळी देबूजी अवघा आठ वर्षांचा होता. आई सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी भावाच्या आश्रयास गेली. तेथे देबूजीने गुरे राखली, पुढे औत हाकले, आणि अंगच्या मेहनतीने मामाची शेती नावारूपास आणली. लिहिणेवाचणे मात्र त्याला कोणी शिकविले नाही.

मामा चंद्रभानजी हेही निरक्षरच. सावकाराच्या कागदांवर ते विश्वासाने अंगठा उठवीत गेले आणि एके दिवशी उत्तम जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामा खचले व त्यातच त्यांचा अंत झाला. सावकार शेताचा ताबा घेण्यास आला, तेव्हा तरुण देबूजी आडवा उभा राहिला व त्याने त्याला परत जावयास लाविले. गावोगाव ही कथा मोठ्या चवीने सांगतात; पण धिटाईपेक्षाही त्या प्रसंगातून देबूजी जे शिकला ते अधिक महत्त्वाचे वाटते. खेड्याचा शत्रू केवळ सावकार नव्हे. अक्षरशत्रुत्व, दारू, आणि लग्नकार्यात किंवा बारशात ऋण काढून घातलेली जेवणे हीही त्याचीच भावंडे, हे त्याने घरातच पाहिले होते. म्हणून आपल्या पहिल्या कन्येच्या बारशास त्याने जातीच्या रूढीप्रमाणे मांस व दारू न देता गोडाचे जेवण घातले. जातभाई रुष्ट झाले, तरी तो डगमगला नाही.

सन १९०५ मध्ये वृद्ध आई, पत्नी कुंताबाई व मुले यांस मागे ठेवून देबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण आणि हाती मातीचे फुटके गाडगे. पाणी प्यावयास तेच, भाकर घ्यावयासही तेच. त्यावरूनच लोकांनी त्यांस गाडगेबुवा असे नाव दिले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून गाव आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. ऋणाने गांजलेल्या वऱ्हाडी कुणब्यांस त्या गावाच्या नावाचीच ओढ वाटत असेल, तर नवल नाही. परंतु नदीत उतरावयास नीट वाट नव्हती. म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरून पडत. महाराजांनी प्रथम आपण एकट्याने तेथे माती टाकण्यास प्रारंभ केला. बघे पुढे मजूर झाले, आणि सन १९०८ च्या सुमारास लोकांच्याच श्रमांनी व वर्गणीने तेथे घाट उभा राहू लागला. यात्रेतील आंधळ्या-पांगळ्यांस ते स्वतः जेवू घालीत.

हीच त्यांची पद्धती पुढे सर्वत्र राहिली. गावात शिरताच कोणाशी न बोलता ते रस्ते झाडू लागत. दिवसभर हा वेडा कोण, म्हणून लोक जमत. मग एखादा पाटील लाजेने हाती झाडू घेई. सायंकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. त्यात वेदान्ताचा काथ्याकूट नसे. श्रोत्यांस प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून, ते देवापुढे बकरे का कापता, शिवाशीव का पाळता, घरातील भांडे विकावे लागले तरी मुलास शाळेत का घालीत नाही, असे विचारीत. कोणी पाया पडू लागल्यास काठी उगारीत. इंग्लंडातील लहान खेड्यांस रस्ता, पाणी, स्मशान यांची चिंता वाहण्यासाठी १८९४ च्या कायद्याने ग्रामसभा व ग्रामपरिषदा मिळाल्या होत्या. आमच्या खेड्यांत तीच चिंता लोकांच्या मनात या निरक्षर पुरुषाने कीर्तनातून उत्पन्न केली.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी व रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधविल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मात्र या वास्तूंवर आपल्या आप्तांचा काडीमात्र हक्क नाही, असे त्यांनी पक्के करून ठेविले. कुंताबाई मूर्तिजापूर येथे झोपडीत राहिल्या. एकुलता उरलेला मुलगा गोविंदा तरुणपणीच वारला. ती वार्ता कीर्तनाच्या वेळी पोहोचली, तरी महाराजांनी कीर्तन थांबविले नाही. या कठोरपणाचे कौतुक करावे की नाही, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास सोपा वाटत नाही. जगाचे संसार सावरणाऱ्या पुरुषाच्या घरच्या बायकांनी त्याची किंमत भरली, आणि त्यांची नावे थोड्यांनाच ठाऊक आहेत.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे मोटारीने येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी महाराजांनी देह ठेविला. डॉ. आंबेडकर जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. अमरावतीत जेथे त्यांची समाधी आहे, त्या वस्तीस गाडगेनगर म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २००० साली ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांच्या नावाने सुरू केली, व २००५ साली अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांस पाटी-पेन्सिल कधी मिळाली नाही, त्यांचे नाव आज वऱ्हाडातील हजारो पदवीपत्रांवर छापले जाते.