गणिताची उपासिका एमी नोएथर

जर्मनीतील एर्लांगेन या गावी २३ मार्च १८८२ रोजी एमी नोएथर हिचा जन्म झाला. तिचे वडील माक्स नोएथर हे तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. १९०० साली एमीने इंग्रजी व फ्रेंच या भाषांच्या शिक्षिकेची परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झाली. सुखाची नोकरी दाराशी उभी होती. परंतु तिचे मन गणिताकडे ओढ घेत होते. विद्यापीठात स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता. तेव्हा अध्यापकांची अनुमती घेऊन ती केवळ श्रोता म्हणून वर्गात बसू लागली. १९०४ मध्ये प्रवेश मिळताच तिने नाव दाखल केले आणि १९०७ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. पुढे सुमारे सात वर्षे तिने तेथेच विनावेतन काम केले.

१९१५ मध्ये ग्यॉटिंगेन येथील थोर गणिती डेव्हिड हिल्बर्ट व फेलिक्स क्लाइन यांनी एमीबाईंना आपल्याकडे बोलावून घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत पूर्ण केला. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश व काल यांची वक्रता होय, असा त्याचा आशय. हिल्बर्ट यांनी तोच विषय क्रियातत्त्वाच्या वाटेने मांडला. फेकलेल्या चेंडूस जाण्याजोगे मार्ग असंख्य असतात. पण ‘क्रिया’ नावाची राशी ज्या मार्गावर सामान्यतः कमीत कमी असते, त्याच मार्गाने तो जातो. हे तत्त्व हिल्बर्ट यांनी अवकाश-कालाच्या वक्रतेस लावले. परंतु एक कोडे उरले. ऊर्जा कधी नष्ट होत नाही, हा नियम नव्या सिद्धांतात नेहमीच्या रूपात दिसेना. ते सोडविण्यासाठी हिल्बर्ट यांनी एमीबाईंचे साहाय्य घेतले.

इकडे विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास विरोध केला. त्यामुळे व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत आणि शिकवीत मात्र एमीबाई. मानापमानाची तमा न बाळगता त्यांनी आपले चिंतन चालू ठेवले आणि १९१८ मध्ये कोडे उलगडले. क्रियेत जेथे सममिती असते, तेथे एखादी राशी अक्षय राहते, असे त्यांनी सिद्ध केले. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून ऊर्जा अक्षय राहते. व्यापक सापेक्षतेतील सममिती याहून फारच विशाल. म्हणून तेथे ऊर्जेचा नियम निराळे रूप धारण करतो. अखेर १९१९ मध्ये त्यांना अध्यापनाचा अधिकार मिळाला.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने, त्या ज्यू असल्यामुळे, त्यांना पदावरून दूर केले. तरीही विद्यार्थी त्यांच्या घरी जमत आणि गणिताची चर्चा चाले. त्याच वर्षी त्या अमेरिकेतील ब्रिन मॉर येथील महिला महाविद्यालयात गेल्या. तेथेच शस्त्रक्रियेनंतर १४ एप्रिल १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. आइन्स्टाइन यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांच्या प्रतिभेचा गौरव केला.

ज्या विद्येने एमीबाईंना दीर्घकाळ ना वेतन दिले, ना पद, त्या विद्येची त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने सेवा केली. विश्वाच्या नियमांचा शोध घेणारे शास्त्रज्ञ आजही त्यांच्या सिद्धांताचा आधार घेतात.