सरखेल कान्होजी आंग्रे व आपल्या भागांतील गड

रोह्याजवळ कुंडलिकेच्या पलीकडे अवचितगड उभा आहे आणि पेणजवळच्या डोंगरांत मिरगड आहे. हे गड समुद्रापासून दूर असल्यामुळें मराठ्यांच्या आरमाराशीं त्यांचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो संबंध कळण्यास सरखेल कान्होजी आंग्रे यांचें चरित्र पाहिलें पाहिजे.

कान्होजींचे वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या सेवेंत होते. औरंगजेबाच्या स्वारीनें मराठी राज्य खिळखिळें झालें, त्या पडत्या काळांत कान्होजी सुवर्णदुर्गावर पुढें आले. सिधोजी गुजर यांच्या मागून, इ. स. १६९८ च्या सुमारास, आरमाराचें आधिपत्य त्यांजकडे आलें. अलीबागेसमोरील कुलाबा किल्ला त्यांनीं आपलें मुख्य ठाणें केलें. उत्तरेस मुंबईचे इंग्रज, दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी आणि कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंड्यास पोर्तुगीज, असे तीन शत्रु त्यांच्याभोवतीं होते. आपलें दस्तक घेतल्यावांचून कोणाचेंहि व्यापारी जहाज या किनाऱ्यानें जाऊं नये असा त्यांनीं नियम घातला. इंग्रजांनीं त्यांस चांचे म्हटलें. परंतु आपल्या समुद्रांत जकात घेणारा सत्ताधीश चांचा कसा ठरावा?

इ. स. १७०७ मध्यें शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले व छत्रपतींच्या गादीविषयीं तंटा उपस्थित झाला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. इ. स. १७१३ मध्यें शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांजवर चालून आले, तेव्हां कान्होजींनीं त्यांस कैद केलें. आतां मराठ्यांनींच मराठ्यांचें आरमार बुडवावें, असा प्रसंग आला होता. शाहू महाराजांनीं पेशवेपद श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांस देऊन त्यांस पाठविलें. दोघेहि दूरदृष्टीचे होते. इ. स. १७१४ च्या आरंभीं लढाई न होतां तह झाला. कान्होजींनीं बहिरोपंतांस सोडिलें व शाहूंचें स्वामित्व मान्य केलें. त्यांस सरखेलपद, दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं मिळालीं. त्या दहांमध्यें खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग यांच्या पंक्तीस आपला अवचितगड आहे; सोळांमध्यें सागरगड व मिरगड आहेत. नुसत्या गलबतांनीं किनारा राखला जात नाहीं. खलाशांचें धान्य व शिबंदीचा खर्च खाड्यांच्या आंतील मुलुखांतूनच यावयाचा, आणि त्या मुलुखावर नजर ठेवावयाची ती या गडांनीं.

या एकीचें फळ लवकरच दिसलें. इ. स. १७१८ मध्यें खांदेरीवर आणि १७२० मध्यें विजयदुर्गावर आलेले इंग्रज हात हालवीत परतले. इ. स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हां घाटावरून शाहू महाराजांची फौज मदतीस उतरली. पोर्तुगिजांनीं निराळा तह केला व मोहीम फसली.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी निवर्तले. त्यांची समाधि अलीबागेस आहे. पुढें मुलांमध्यें कलह माजला. इ. स. १७५६ मध्यें पेशव्यांनीं इंग्रजांचें साहाय्य घेऊन तुळाजी आंग्रे यांचा पराभव करविला आणि विजयदुर्गाच्या बंदरांत मराठी गलबतें जळालीं. बाळाजी विश्वनाथांनीं जें टाळलें तें त्यांच्या नातवाच्या हातून घडलें.

खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग यांचीं नांवें इ. स. २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. अवचितगड व मिरगड त्या यादींत नाहींत. त्यांची राखण मुख्यतः आपणांवरच आहे. अवचितगडावर तट, बुरूज, पाण्याचीं टाकीं व शके १७१८ चा शिलालेख आहे. तेथें सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एकहि चिरा हालवूं नये, दगडावर आपलें नांव कोरूं नये. त्या गडावर नांव राहावयाचें तें कान्होजींचें.