हरिभाऊ आपटे व त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या

चंद्रपूरच्या विद्यार्थ्यास जुना काळ शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. गोंड राजांनीं बांधलेल्या परकोटाचा जटपुरा दरवाजा त्याच्या नित्य पाहण्यांतला असतो. गडचिरोलीकडील मुलांस वैरागडचा किल्ला ठाऊक असतो. अशा ओसाड तटाशीं दिवस मावळतां मनांत जें भय व जें कुतूहल उत्पन्न होतें, त्याची कादंबरी कशी बनते हें ज्यास जाणावयाचें असेल, त्यानें कै. हरि नारायण आपटे यांचें चरित्र अवश्य पाहावें.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें येथें झाला. १८८२ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हां या शाळकरी मुलानें त्यांवर विलापकाव्य लिहिलें. पुढें कॉलेजांत मात्र गणितानें त्यांस हात दिला नाहीं, व पदवीवांचूनच शिक्षण संपलें. (हें वाक्य पालकांनीं मुलांस मुद्दाम वाचून दाखविलेंच पाहिजे असें नाहीं.)

त्या काळीं रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचीं पुस्तकें आपल्या देशांत मोठ्या आवडीनें वाचलीं जात. भुयारें, वेषांतरें, मध्यरात्रींचे खून यांनीं तीं भरलेलीं असत. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधारानें लिहिलेली असून, पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०) ही मेडोज टेलर याच्या टिपू सुलतानावरील कादंबरीचें रूपांतर होय. म्हणजे आरंभ उसनवारीनें झाला. यांत आम्हांस कमीपणा दिसत नाहीं. उसन्या भांडवलावर त्यांनीं पुढें काय मिळविलें तें पाहावें.

१८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें. ‘उषःकाल’ त्यांतच १८९५ ते १८९७ पर्यंत प्रकरणाप्रकरणानें प्रसिद्ध झाली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यापूर्वीं लिहिणाऱ्या हरिभाऊंस अस्सल कागदपत्रांचा आधार फारसा नव्हता. बखरी, पोवाडे व ग्रँट डफचा इतिहास यांवरच बहुतेक भागवावें लागे. रानांतील मारुतीचें देऊळ, त्याखालचें भुयार, ही सामग्री रेनॉल्ड्सची आठवण देते खरी. पण भुयारांत आतां नुसतें भय नाहीं. रंगराव आप्पा हे सुलतानगडचे किल्लेदार, विजापूरच्या बादशहाचे निष्ठावंत सेवक. त्यांचा पुत्र नानासाहेब स्वराज्याकडे ओढला जातो. बापानें ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं मुलानें कसें वागावें? या प्रश्नानें वाचकाचा जीव जितका खालींवर होतो, तितका कोणत्याही भुताखेतानें होणार नाहीं. पुढें विजयनगरच्या नाशावरील ‘वज्राघात’ कादंबरींतही त्यांनीं बापलेकांचाच पेंच घातला आहे. तेथें रामराजाविरुद्ध उभा राहणारा रणमस्तखान हा त्याचाच पुत्र असतो.

‘गड आला पण सिंह गेला’ ही तर इतकी लोकप्रिय झाली कीं, तानाजीच्या मरणानंतर कोंडाण्यास सिंहगड हें नांव मिळालें ही समजूत घरोघर पक्की झाली. वस्तुतः तें नांव १६७० पूर्वींच्या पत्रांत आढळतें. कादंबरीकाराच्या हातीं केवढी ही सत्ता! खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याचा एका सशानें पाठलाग केला व त्या जागीं आपलें चंद्रपूर वसलें, ही कथा आपणही अशाच विश्वासानें सांगतों. कागदाचा आधार नाहीं म्हणून ती टाकावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र उद्यां आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी तीवर कादंबरी रचूं लागला, तर कथा कोठें संपते व इतिहास कोठें लागतो हें त्यानें स्वतः तरी ओळखून असावें.

हरिभाऊंच्या मागें व्यापही थोडे नव्हते. पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांजकडे होती. नगरपालिकेचें अध्यक्षपदही त्यांनीं सांभाळलें. १९१२ सालीं आपल्या वऱ्हाडांत अकोल्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. या धांवपळींत आठवड्याच्या आठवड्यास मजकूर पुरवावयाचा, त्यामुळें त्यांचीं कथानकें कोठें कोठें फार पसरलीं, आणि कांहीं हातावेगळीं झालींच नाहींत. ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. ‘सूर्यग्रहण’ अपुरी ती अपुरीच राहिली.