रक्तातला किडा शोधणारा बिल्हार्झ

नाईलकाठी लघवीतून रक्त जाणे हे शेकडो वर्षे इतके सर्रास होते, की कित्येक गावांत त्याला आजार म्हणायलाही कोणी तयार नसे. मुलगा वयात आल्याची ती खूण समजली जाई. या समजुतीला पहिला धक्का दिला तो थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने.

बिल्हार्झचा जन्म १८२५ साली सिगमारिंगेन येथे झाला. १८५० मध्ये आपले गुरू ग्रीझिंगर यांच्यासोबत तो कैरोला गेला आणि कस्र-अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करू लागला. पुढच्याच वर्षी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत त्याला पांढरे, बारीक किडे दिसले. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचे. नराच्या अंगाला लांबट पन्हळ आणि तीत बसलेली मादी, असा अजब संसार! मूत्राशयात याच किड्याची अंडी सापडली आणि रक्त का जाते त्याचा उलगडा झाला. तेव्हा त्याचे वय होते अवघे २६-२७.

हा किडा माणसात शिरतो कसा, हे मात्र त्याला कळले नाही. गोड्या पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या अळ्या कातडीतून आत घुसतात, हे लायपरने १९१५ मध्ये सिद्ध केले.

त्याहून विलक्षण गोष्ट तर अलीकडची. या किड्याला स्वतः कोलेस्टेरॉल बनवता येत नाही. ते तो आपल्याच रक्तातून उचलतो. तरीही त्याच्या शरीरात आणि अंड्यांत इस्ट्रोजेनसारखी स्टिरॉइड रेणूंची साखळी आढळली आहे. हे रेणू पेशींतील डीएनएला चिकटून इजा करू शकतात. दीर्घकाळच्या संसर्गानंतर होणारा मूत्राशयाचा कर्करोग आणि काही स्त्रियांमधील वंध्यत्व यांमागे त्यांचा हात असावा, असा संशोधकांचा कयास आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या किड्याच्या संसर्गाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, ते मात्र कयासावर नव्हे, पुराव्यावर.

आपल्याकडे हा आजार नाही, असेच मानले जाई. पण १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले. गुरांच्या नाकात गाठी करून त्यांना घोरायला लावणारा किडाही याच कुळातला.

बिल्हार्झ पुढे कैरोतच शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. विजेचा झटका देणाऱ्या नाईलमधील माशावर त्याने ग्रंथ लिहिला. किड्याला मेकेलने त्याचे नाव दिले. शास्त्रीय नाव नंतर बदलले, तरी रोगाला बिल्हार्झिया म्हणणे सुटले नाही. १८६२ मध्ये एका जर्मन ड्यूकच्या लवाजम्यासोबत तो तांबड्या समुद्रावरील मसावाला गेला. तिथे रुग्णांवर उपचार करताना त्यालाच टायफस ज्वराने गाठले. कैरोला परतल्यावर मे महिन्यात तो गेला, वयाच्या ३७व्या वर्षी.