राष्ट्रांच्या सभेची पहिली स्त्री अध्यक्ष : विजयालक्ष्मीबाई पंडित

पेण व रोहा या तालुक्यांतील आमच्या वाचकांस आपल्या मुलखातील दोन थोर नावे सांगावयास नकोत. पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी १८९५ साली विनोबा भावे यांचा जन्म झाला, आणि पुढे ते गोरगरिबांसाठी भूमी मागत देशभर पायी हिंडले. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यास गेले, आणि १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे राष्ट्रांची अर्थपरिषद भरली तेव्हा ते आपल्या देशाच्या शिष्टमंडळात होते. जगाच्या कारभारात भाग घेणारी माणसे आपल्या खाडीकाठच्या गावांतूनही निघतात हे यावरून दिसते. परंतु ही दोन्ही नावे पुरुषांची आहेत. मूळच्या कोकणातील एका मराठी घराण्यात सून म्हणून आलेली एक बाई त्याच काळात साऱ्या राष्ट्रांच्या सभेची अध्यक्ष झाली, ही गोष्ट मात्र आपल्या मंडळ्यांतून फारशी ठाऊक नाही. म्हणून तिचे चरित्र आज थोडक्यात देत आहो.

विजयालक्ष्मीबाईंचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबाद येथे झाला. माहेरचे नाव स्वरूपकुमारी. वडील मोतीलाल नेहरू हे नामांकित वकील, आणि जवाहरलाल हे अकरा वर्षांनी वडील असलेले बंधू. घरी संपत्ती विपुल होती. तरी मुलीस शाळेत न घालता घरीच शिक्षिका ठेवून शिकविण्यात आले. १० मे १९२१ रोजी त्यांचा विवाह बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला, व विजयालक्ष्मी हे नाव त्यांस मिळाले. पंडितांचे घराणे काठेवाडात राजकोट येथे स्थायिक झालेले असले तरी मूळचे कोकणपट्टीतील बांबुळी गावचे. रणजितराव संस्कृतचे चांगले जाणकार होते. काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या राजतरंगिणी या ग्रंथाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. स्वातंत्र्याच्या चळवळीत पतिपत्नी दोघांनीही भाग घेतला, आणि दोघांनीही तुरुंगवास भोगला. १९३७ साली संयुक्त प्रांतात विजयालक्ष्मीबाई स्थानिक स्वराज्य व आरोग्य या खात्यांच्या मंत्री झाल्या. आपल्या देशात मंत्रिपद मिळालेली ही पहिलीच स्त्री होय.

यानंतर त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. तुरुंगात रणजितरावांची प्रकृती खालावली, आणि सुटका झाल्यावर थोड्याच अवधीत, १४ जानेवारी १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले. पदरी तीन मुली होत्या; पुत्र नव्हता. पतीने मृत्युपत्र केलेले नव्हते. तेव्हाच्या हिंदू कायद्याचा आधार घेऊन दिरांनी मिळकतीवर हक्क सांगितला. जी बाई कालपर्यंत एका प्रांताचा कारभार पाहत होती, तिला पतीच्या घरात आपला व आपल्या मुलींचा वाटा कोणता हे विचारत फिरण्याची पाळी आली. विधवेचे दुःख आमच्या खेड्यांतील भगिनींस नवे नाही. अशा वेळी मन कडू होणे हेही स्वाभाविकच आहे, आणि बाईंचे मन खरोखरच कडू झाले होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेस जाऊन आपल्या देशाची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. निघण्यापूर्वी त्या गांधीजींच्या भेटीस गेल्या. गांधीजींनी त्यांस प्रवासाविषयी काही न विचारता, सासरच्या माणसांशी समेट झाला काय, असे विचारले. बाईंनी उत्तर दिले की आपण कोणाशी भांडलो नाही, परंतु जुनाट कायद्याच्या जोरावर आपला अपमान करणाऱ्यांशी आपणांस संबंध ठेवावयाचा नाही. त्यावर गांधीजींनी समजावले की मनातील हा कडवटपणा दुसऱ्या कोणाचे नव्हे, तर त्यांचेच नुकसान करील. हा उपदेश बाईंस रुचला नाही. कित्येक दिवस तो त्यांच्या मनात सलत राहिला. शेवटी प्रयाणापूर्वी त्यांनी आपण होऊन दिरांस निरोप पाठविला, त्यांच्या घरी गेल्या, आणि निरोप घेऊनच निघाल्या. मिळकतीचा प्रश्न त्या भेटीने सुटला नाही. परंतु मनावरचे ओझे उतरले. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी आपल्या भावाशी समेट करण्याची जी शिकवण आपण डोंगरावरील प्रवचनात वाचतो, तिचेच हे उदाहरण होय.

१९४५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी संयुक्त राष्ट्रांची सनद तयार केली. पेणच्या खारपट्टीतील आमच्या वाचकांस या संस्थेचे काम समजणे कठीण नाही. खारबंदिस्तीच्या बाहेरकाठ्याला एके ठिकाणी खांड पडली, तर भरतीचे पाणी एकाच्या शेतात शिरून थांबत नाही. साऱ्या गावाचे भात बुडते. म्हणून काठा राखणे हे सगळ्यांचे काम असते. तसेच एका देशात पेटलेले युद्ध साऱ्या जगात पसरू नये म्हणून सर्वांनी मिळून घातलेला हा बांध आहे. त्या परिषदेत विजयालक्ष्मीबाईंस बसावयास जागा नव्हती. आपल्या देशाचे प्रतिनिधी तेव्हा इंग्रज सरकारने नेमलेले होते. त्यांनी बाहेर राहून सभांतून व पत्रकारांपुढे पारतंत्र्यातील लोकांची बाजू मांडली. त्या सनदेवर अवघ्या चार स्त्रियांच्या सह्या आहेत : चीन, ब्राझील, डॉमिनिकन प्रजासत्ताक व अमेरिका या देशांच्या. तरीही स्त्रीपुरुषांचे हक्क समान आहेत हे तत्त्व सनदेच्या आरंभीच घातले गेले.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. १९४६ साली देशात अंतरिम सरकार आले, आणि संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व बाईंकडे देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी तेथील हिंदी लोकांनी जमीन कोठे घ्यावी व कोठे राहावे यावर निर्बंध घालणारा कायदा केला होता. त्याविरुद्ध बाईंनी तक्रार मांडली. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, इतरांनी त्यात पडू नये, असे त्या देशाचे वयोवृद्ध पंतप्रधान स्मट्स यांचे म्हणणे होते. ८ डिसेंबर १९४६ रोजी मते घेतली गेली. बत्तीस राष्ट्रे बाईंच्या बाजूने, पंधरा विरुद्ध व सात तटस्थ, असा निकाल लागून दोनतृतीयांश बहुमताने ठराव संमत झाला.

विजय मिळताच बाई स्मट्स यांच्याकडे गेल्या, आणि वादाच्या भरात आपल्या तोंडून काही उणे बोलणे गेले असल्यास क्षमा असावी, अशी विनंती केली. विरोधकाविषयी मनात विष न ठेवता लढावे, हा गांधीजींचा उपदेश त्या विसरल्या नव्हत्या. स्मट्स यांनी त्यांचे हात हाती घेतले व प्रेमानेच सांगितले की हा विजय पोकळ आहे; यामुळे आपली सत्ता जाईल, आणि बाईंच्या हाती काहीच लागणार नाही. १९४८ साली स्मट्स यांचा पराभव झाला व अधिक कठोर पक्ष अधिकारावर आला. वर्णद्वेषाचे ते राज्य १९९४ पर्यंत टिकले. तथापि तो ठराव वाया गेला असे आम्हांस वाटत नाही. एखादे सरकार आपल्या आश्रयाच्या लोकांस छळते, तेव्हा तो केवळ त्याच्या घरचा प्रश्न राहत नाही, हे त्या दिवशी जगाने प्रथम मान्य केले.

पुढे बाई १९४७ पासून १९४९ पर्यंत रशियात राजदूत होत्या. तेथे त्यांस फारसे यश आले नाही. स्टालिन यांची भेटही मिळाली नाही. त्यानंतर त्या अमेरिकेत राजदूत झाल्या. १५ सप्टेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांस अध्यक्ष निवडले. साठ राष्ट्रांच्या त्या सभेच्या आसनावर बसलेली ही पहिली स्त्री. कोरियातील युद्ध थांबून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मायदेशी परत जाण्यास नाखूष असलेल्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांची राखण करण्याचे अवघड काम भारतीय सैन्याकडे आले होते, व त्या तुकडीचे प्रमुख आपले महाराष्ट्रीय सेनानी शंकरराव थोरात हे होते. त्याच अधिवेशनात, ८ डिसेंबर रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अणुशक्ती संहारासाठी न वापरता मनुष्यमात्राच्या कल्याणासाठी वापरावी, अशी सूचना मांडली.

१९६२ च्या नोव्हेंबरपासून १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंत विजयालक्ष्मीबाई महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. पेण व रोहा हे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत तो रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. तोही त्यांच्याच अधिकाराखाली होता. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली तेव्हा पुकारणारी आपली सख्खी भाची असूनही त्यांनी तिला विरोध केला. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडून येथे त्यांचे देहावसान झाले.

कोणी म्हणेल, ही श्रीमंताची कन्या व पंतप्रधानांची बहीण. तिचा धडा आम्हां गरिबांस काय उपयोगी? भाऊ थोर असल्याने वाट सोपी झाली हे खरे. परंतु पतीच्या मृत्यूनंतर जो अन्याय वाट्यास आला त्यातून धन किंवा कुळ यांनी त्यांस वाचविले नाही. आणि त्यांच्यामागून येणाऱ्या स्त्रियांची वाटही रुंद झाली नाही. २०२५ अखेरपर्यंत आमसभेच्या अध्यक्षपदी केवळ पाच स्त्रिया बसल्या. तंटे मिटविण्याच्या व शांतता राखण्याच्या कामी स्त्रियांस घेतले पाहिजे, असा ठराव सुरक्षा समितीने केला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी. म्हणजे सनद होऊन पंचावन्न वर्षे लोटल्यावर.

मोठ्या सभांची ही स्थिती असता आपल्या गावची याहून चांगली आहे काय, हे उपदेशक बंधूंनी व मंडळीच्या पंचांनी पाहावे. काठा फुटला म्हणजे चिखलाच्या टोपल्या वाहावयास बायका पुढे असतात; परंतु तो कोणी व कसा बांधावा हे ठरविण्याच्या बैठकीस त्यांस कोणी बोलावीत नाही. बांधाचे, पाण्याचे व वाटणीचे तंटे ज्यांच्या चुलीपर्यंत पोहोचतात, त्यांचे म्हणणे न ऐकता केलेला समेट फार दिवस टिकत नाही. पुढच्या वेळी तंटा मंडळीपुढे येईल तेव्हा दोन्ही घरच्या बायकांसही बैठकीत बसवावे, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, आणि मगच निवाडा करावा. आणि समेट करावयास जाणाऱ्याने, मग तो पुरुष असो की स्त्री, आधी स्वतःच्या मनातील जुने भांडण मिटवून जावे.